मधला काळोख

लेझरचा ठिपका म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? लाल, भरीव टिकली ना? मलाही तेच वाटायचं.

धाकटा भाऊ फिजिक्सचं काही सांगू लागला की मी "मला नाही कळत रे" म्हणून उठायचे. हळूहळू त्यानं सांगणंच सोडलं.

परवा त्याच्या कॉलेज प्रोजेक्टसाठी मदतीला बसले. छापखान्यातून त्यानं पारदर्शक फिल्मवर बारीक नक्षी काढून आणली होती: समांतर रेघा आणि मधोमध एका रेघेला फुटलेले दोन फाटे. त्यातून लेझर सोडला. भिंतीवर मधे नेहमीचा ठिपका, पण दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या छोट्या बांगड्या! आत काळोख.

"डाग पडलाय," म्हणत मी फिल्म पुसायला घेतली.

"ताई, थांब! तेच तर हवं होतं."

या वेळी मी विचारलं, "का?"

त्या फाट्यामुळे प्रकाशाची लाट गोल जिन्यासारखी पिळत पुढे जाते. मधोमध लाटा एकमेकींना खोडतात, म्हणून काळोख. १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की अशा प्रकाशात वस्तू फिरवण्याची क्षमता असते. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात त्यानं सूक्ष्म कण खरंच फिरवले गेले.

भाऊ तासभर बोलत होता. कितीतरी दिवसांनी!

तुम्हीही करून बघा. लेझरमध्ये मात्र थेट कधीच पाहू नका. आणि घरात कुणी काही सांगत असेल, तर उठण्याआधी एकदा "का?" विचारा.