थांब, पुन्हा वाच

पोथीची पानं सुटी असतात. शिवलेली नसतात, चिकटवलेली नसतात. आडवी, लांबट पानं, दोन फळ्यांच्या मध्ये ठेवलेली आणि वरून तांबड्या रुमालात बांधलेली. वाचून झालं की पान उचलून पालथं घालायचं, खालचं आपोआप समोर येतं. उशीला टेकून, एका हातात धरून वाचावी अशी तिची घडणच नाही. ती चौरंगावर ठेवावी लागते. चौरंगापाशी कुणीतरी बसावं लागतं. आणि त्या कुणाच्या तरी समोर आणखी माणसं असावी लागतात, नाहीतर पोथी सोडायची कुणासाठी?

नाझरे गावचे, पुढं पंढरपुरात राहिलेले श्रीधर कवी या बैठकीचे खरे धनी. १७०२ मध्ये त्यांचा हरिविजय पुरा झाला, पुढच्याच वर्षी रामविजय, १७१२ मध्ये चौसष्ट अध्यायांचा पांडवप्रताप, १७१८ मध्ये बारामतीत शिवलीलामृत. त्यानंतरची दोनअडीचशे वर्षं मराठी मुलखातल्या चातुर्मासावर या माणसाचं राज्य होतं. घरात एखाद्याला अक्षर येई, बाकीच्यांना पांडवप्रताप येई. श्रीधरांची ओवी कानासाठी बांधलेली आहे. तीन चरणांना एक यमक, चौथा चरण आखूड आणि मोकळा. त्या आखूड चरणाशी वाचणारा श्वास घेतो आणि ऐकणारा हुंकार भरतो. कागदावर ती जागा नुसती कोरी दिसते. बैठकीत ती कधीच कोरी नसे.

छापखाना आला तेव्हाही पोथीनं आपला बाज सोडला नाही. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून लोक छापील पोथीला हात लावीनात, तेव्हा मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई वापरून छपाई केली असं सांगतात. हस्तलिखिताची छापील प्रत झाली, तरी पानं सुटीच राहिली, चौरंग राहिला आणि समोरची माणसंही राहिली.

आणि हे सगळं श्रीधरांच्याही कितीतरी आधीचं. नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली ती बोलूनच. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ज्ञानदेव गीतेचा अर्थ सांगतात, पण मध्येच वळून समोर बसलेल्यांशी बोलतात, त्यांची मनधरणी करतात, त्यांच्याकडे लेकरानं मागावं तसं अवधान मागतात. नऊ हजारांच्या आसपास ओव्यांच्या त्या ग्रंथातून श्रोते काढून टाकायचे म्हटले तर ग्रंथाचे सांधेच निखळतील. पहिला वाचक मिळण्याआधी त्याला श्रोते मिळाले होते. आपल्या भाषेतलं सर्वांत मोठं पुस्तक माणसांच्या घोळक्यात जन्माला आलं, ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

मी ज्या बैठकीत वाढलो ती माझ्या थोरल्या काकूची. दुपारची जेवणं झाली, भांडी पालथी पडली की माजघरात पोथी सुटायची. आळीतल्या बायका यायच्या. कुणाचा लक्ष वातींचा नेम असायचा, त्यामुळे मांडीवर कापूस आणि बोटांत वात. एखादी तांदूळ निवडायला घेऊन यायची, एखादी नुसतीच भिंतीला पाठ लावून डोळे मिटायची, आणि ती झोपली असं समजून कुणी ओवी गाळली की डोळे न उघडता म्हणायची, मधली राहिली. त्यांतल्या बहुतेकींना सही करता येत नव्हती. काकू चौथीपर्यंत शिकलेली. तिचा आवाज गोड नव्हता, घोगरा होता, पण तो दमत नसे. ओवीचा पहिला चरण ती उचलून धरायची, दुसरा-तिसरा सरळ चालवायची आणि चौथ्याशी उतरायची. कितीही वेळा ऐकलेलं असलं तरी त्या उतरण्याशी सगळ्या बायका एकदम मान हलवायच्या.

पण त्या बैठकीतला सगळ्यात मोठा शब्द काकूचा नव्हता. तो समोरून यायचा. "थांब, पुन्हा वाच." कुणीही म्हणायचं. कळलं नाही म्हणून, फार आवडलं म्हणून, पटलं नाही म्हणून, किंवा डोळे पुसेपर्यंत जरा वेळ हवा म्हणून. काकू थांबायची. पालथं घातलेलं पान पुन्हा सुलटं करायची. एवढा मान मी पुढं कुठल्या सभेत, कुठल्या वर्गात श्रोत्याला मिळालेला पाहिला नाही.

द्यूताचा अध्याय लागला की मला धडकी भरायची. द्रौपदी भर सभेत विचारते की धर्मराज आधी कुणाला हरले, स्वतःला की मला? भीष्म घोटाळतात. बाकीचे माना खाली घालतात. कौरवांच्या त्या सभेत या प्रश्नाला सरळ उत्तर मिळालं नाही. आमच्या माजघरात मिळालं. एका बाईनं हातातली वात खाली ठेवली आणि म्हणाली, "थांब जरा. स्वतःला हरलेल्या माणसाचं काय उरतं गं लावायला?" तिच्या पाटल्या नवऱ्यानं गहाण टाकल्या होत्या आणि त्या परत आल्या नव्हत्या, हे तिथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरी म्हणाली, पण भीष्मांना बोलायला काय झालं होतं? तिसरी म्हणाली, ज्याचं मीठ खातो त्याच्यापुढं कोण बोलतं, आपले भाऊ तरी बोलतात का? मग एकेक भाऊ निघाला, एकेक दीर निघाला, एकेकीच्या लग्नातली बोलणी निघाली. हस्तिनापूर आमच्या आळीत येऊन बसलं. काकू पोथीवर हात ठेवून ऐकत होती. त्या वेळी वाचणारी ती नव्हतीच, ऐकणारी ती होती.

आणि रीत अशी, की द्रौपदी संकटात असताना पोथी बांधायची नाही. लक्ष्मण मूर्च्छित पडला असेल तर तो उठेपर्यंत उठायचं नाही, द्रौपदीला वस्त्रं मिळेपर्यंत रुमालाची गाठ मारायची नाही. त्या दिवशी बोलण्यात इतका वेळ गेला, की दिवेलागण झाली, गुरं दारात येऊन हंबरायला लागली, पुरुषमाणसं चहाची वाट बघून घसा खाकरायला लागली, तरी एकही बाई हलली नाही. द्रौपदीला वस्त्रं मिळाली तेव्हाच सगळ्या उठल्या. दुःखात सापडलेल्या बाईला पुस्तकातसुद्धा एकटं सोडून जायचं नाही, हे मी त्या घरात पाहिलं.

काकू गेली. तिच्या आधी आणि नंतर त्या बायकाही एकेक करून गेल्या. वाती वळणारी बोटं गेली, डोळे मिटून ओव्या मोजणारी म्हातारी गेली, पाटल्यांची ती बाई गेली. पोथी माझ्याकडे आली. तिच्या काही पानांच्या कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या झालेल्या आहेत, आणि द्यूताच्या अध्यायाची पानं बाकीच्यांहून जास्त मऊ आहेत. मी ती सोडतो, मनातल्या मनात वाचतो. अध्याय भराभर संपतो. श्रीधर तेच आहेत, शब्द तेच आहेत. पण मी ओवीच्या शेवटी थांबत नाही, कारण समोरून कुणी हुंकार देत नाही. भीष्म गप्प बसतात आणि मी पान उलटतो. काकू, तुझ्या बायकांनी त्यांना असं सोडलं नसतं.

मनात वाचण्यानं माणसाला पुष्कळ दिलं, हे मी विसरत नाही. कुणाला कळू न देता, कुणाची परवानगी न घेता एखादं पुस्तक आपल्यापुरतं असणं ही सुटका आहे, आणि ती विशेषतः घरच्या सुनांना फार उशिरा मिळाली. रमाबाई रानड्यांच्या १९१० च्या आठवणींत शिकणाऱ्या सुनेला घरातल्या बायकांचा किती रोष सोसावा लागला ते आहे. पण त्याच पुस्तकात डोळे अधू झालेल्या नवऱ्याला, माधवरावांना, त्या वाचून दाखवतात तेही आहे. ज्यानं तिला अक्षर दिलं त्याचे डोळे ती झाली. दोन माणसांमध्ये एक पुस्तक मोठ्यानं वाचलं जाणं हा संसारातला किती मोठा जिव्हाळा असू शकतो, ते तिथं दिसतं.

माजघराची गोष्ट सांगताना अंगणाची सांगितली नाही तर मी खोटं बोललो असं होईल. रात्री ओसरीवर पुरुषांची पोथी लागायची. तिथं कुणी कुठं बसायचं ते जातीनं ठरलेलं होतं. काहीजण ओसरीवर, काही पायरीखाली, काही अंगणाच्या पार टोकाशी, कंदिलाचा उजेड पोचत नाही तिथं. आवाज त्यांच्यापर्यंत जायचा. ते ऐकायचे, हात जोडायचे, प्रसाद वरून टाकलेला झेलायचे. पण त्या अंधारातून "थांब" असा आवाज कधी आला नाही. येऊच शकत नव्हता. पुस्तक कानावर पडणं वेगळं आणि पुस्तकाला थांबवता येणं वेगळं. काकूच्या बायकांना दुपारी जे मिळत होतं, ते त्या माणसांना आमच्या दारात कधीच मिळालं नाही. आणि मी ज्या बैठकीसाठी आज रडतो ती त्याच घरात होती.

जोतीराव फुल्यांनी हे ओळखलं होतं. १८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो आधी माणसांना वाचून दाखवला, पुणे-मुंबईत, ठाण्यात, जुन्नर, ओतूर, हडपसरला. ज्याच्याबद्दल पुस्तक आहे त्याला ते वाचता येत नाही, म्हणून ते त्याच्यासमोर जाऊन वाचायचं. सयाजीराव गायकवाडांनीही ते जोतीरावांच्या तोंडून ऐकलं. राजानं आणि कुणब्यानं एकच पुस्तक एकाच आवाजात ऐकावं, असं आपल्याकडे त्याआधी कितीदा घडलं असेल? पुढं बाबासाहेबांची वर्तमानपत्रंही अशीच वस्त्यावस्त्यांतून गेली. अक्षर येणारा एक पोरगा मधोमध आणि त्याच्याभोवती सगळी वस्ती. अंक एक, कान शेकडो.

आता फोनवर पुस्तकं ऐकता येतात. चांगल्या, कमावलेल्या आवाजांत. प्रवासात, स्वयंपाक करताना, रात्री डोळे दुखतात तेव्हा मीही ऐकतो, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही केवढी मोठी सोय झाली याचा मला मनापासून आनंद आहे. पण तो आवाज बटणानं थांबतो, माझ्यासाठी थांबत नाही. माझ्या प्रश्नासाठी तो पान सुलटं करत नाही. माझ्या घरात आम्ही चौघं चार कानांत चार पुस्तकं घालून एकाच खोलीत बसलेलो असतो, आणि भीष्मांबद्दल कुणी कुणाला काही विचारत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका सहकाऱ्यानं मला त्यांच्या वस्तीतल्या विहारात नेलं. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो तो आश्विन पौर्णिमेपर्यंत, आणि त्या तीन महिन्यांत महाराष्ट्रातल्या कितीतरी विहारांतून बाबासाहेबांचं 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' रोज संध्याकाळी मोठ्यानं वाचलं जातं. बाबासाहेब गेल्यानंतर, १९५७ मध्ये, हे पुस्तक मूळ इंग्रजीत निघालं. त्यातल्या वाक्यांना क्रमांक घातलेले आहेत. त्रिसरण-पंचशील झालं, पांढऱ्या साड्यांतल्या उपासिका सतरंजीवर पुढं सरकल्या, आणि कॉलेजात जाणारी एक मुलगी वाचायला बसली. ती अडखळली की मागून कुणीतरी शब्द पुरवत होतं. शाक्य आणि कोलीयांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा, शाक्यांच्या संघानं युद्धाचा ठराव आणणं, सिद्धार्थानं एकट्यानं उभं राहून त्याला विरोध करणं, आणि बहुमत विरुद्ध गेल्यावर घर सोडणं.

"थांब बाळा," पुढच्या रांगेतली एक आजी म्हणाली, "त्याच्या बोलण्याचा नंबर पुन्हा वाच."

मुलीनं पुन्हा वाचलं. आजी म्हणाली, पाणी आधी कुणी घ्यायचं, भांडण एवढंच ना? मग आमच्या गावात तर रोजच रोहिणी होती. तिनं त्यांच्या गावची विहीर सांगितली, वरून कुणीतरी घागरीत पाणी ओतेपर्यंत तिची आई उन्हात किती वेळ उभी राहायची ते सांगितलं. एका म्हाताऱ्यानं महाडचं तळं काढलं. एक तरुण म्हणाला, पण बहुमत चुकीचं असेल तर ते मानून घर का सोडायचं, तिथंच राहून लढायला नको का? त्यावर दोघं-तिघं एकदम बोलायला लागले. बहुमत मानलं म्हणूनच तो बुद्ध, असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणाला, त्यानं बहुमत मानलं पण युद्ध मानलं नाही, या दोन गोष्टी वेगळ्या धरा. आजी मान हलवत म्हणाली, नंबर वाचा आधी, मग भांडा. मुलीनं तो नंबर तिसऱ्यांदा वाचला, आणि वाद आणखी वाढला. बाहेर पाऊस लागला होता, घरी जायची कुणाला घाई नव्हती. त्या संध्याकाळी वाचन दोन पानांच्या पुढं गेलं नाही.