जीवधनची एक दिवसाची वाट

जुन्नरहून पहाटेच निघून घाटघर गाठावे. जीवधनवर जाण्यास दोन वाटा आहेत: पूर्वेची जुन्नर दरवाजाची आणि नाणेघाटाच्या बाजूने दाट रानातून कल्याण दरवाजाकडे चढणारी. १८१८ मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून पायऱ्या उद्ध्वस्त केल्या. त्यामुळे वरचा टप्पा कातळाचा व कठीण आहे. मुले बरोबर असल्यास गावातील वाटाड्या घ्यावाच, आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये.

ज्येष्ठांनी गडाचा आग्रह सोडून नाणेघाटात थांबावे. व्यापारी घराण्यातील माणसाने खरे तर तेच आधी पाहावे. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदराचा माल याच खिंडीतून जुन्नरला चढे. जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही तेथे आहे. लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणे यांचे आकडेही त्यात कोरलेले. खातेवह्यांत आयुष्य गेलेल्या माझ्या डोळ्यांना तो जमाखर्चच वाटला!

पावसाळ्यात कातळ निसरडा होतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम, पण दिवस लहान. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी दुपारी एकलाच माथा सोडावा. पाणी घरूनच गाळून, उकळून न्यावे. गडावरील टाक्यांवर भिस्त ठेवू नये.