इतिवृत्तात न आलेले बोलणे

मी बी. कॉम. झालेला एक साधा कारकून. आवक-जावक, टिप्पण्या आणि बैठकांची इतिवृत्ते लिहिण्यात नोकरीची वीस वर्षे गेली. सुट्टीच्या दिवशी वस्तीत समाजकार्य करतो, दुसऱ्यांना हक्काच्या गोष्टी सांगतो. म्हणूनच माझ्या हातून घडलेली ही गोष्ट तुम्हाला सांगायला हवी.

सह्याद्रीच्या कडेला असलेल्या एका आदिवासी तालुक्यात माझी बदली झाली होती. २०१९ चा मे महिना. हवामान बदलते आहे, पाऊस लहरी झाला आहे, तेव्हा तालुक्याने आधीच कोणती तयारी ठेवावी, यासाठी आराखड्याची बैठक होती. साहेब लोक होते, शहरातून आलेले सल्लागार होते. 'लोकसहभाग' दाखवायला पाड्यावरची चार माणसे बोलावून मागच्या खुर्च्यांवर बसवली होती. त्यांत महादेव कोळी समाजाची एक मावशी होती. साठी ओलांडलेली, शाळेची पायरी कधी न चढलेली.

पडद्यावर नकाशे दाखवून झाले. सगळ्या पाड्यांना भाताचे एकच सुधारित वाण वाटावे, असे ठरत आले होते. तेवढ्यात मावशी उठून उभी राहिली.

"साहेब, सगळ्यांना एकच बी नका देऊ. वरच्या खाचरात पाणी टिकत नाही, तिथं हळवं भात लागतं. मधल्याला निमगरवं. खाली पाणी धरून ठेवतं त्या खाचराला गरवं. डोंगराच्या उताराला नागली नि वरई. सगळं एकदम पिकलं, तर सगळं एकदम जातं बघा."

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. हळवे म्हणजे लवकर, तीन-साडेतीन महिन्यांत तयार होणारे भात. गरवे त्याहून महिनाभर तरी अधिक घेते. पाऊस उशिरा आला, मध्येच दडी मारून बसला किंवा काढणीच्या वेळी कोसळला, तर तिन्ही जाती एकाच वेळी सापडत नाहीत. एक गेली तर दुसरी हाताला लागते. नागलीला पाणी कमी लागते आणि नीट वाळवून ठेवली तर ती वर्षानुवर्षे किडत नाही. हाच तर त्यांचा आराखडा! पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, फक्त कागदावर नसलेला.

मी ते सारे लिहून घेतले. संध्याकाळी मसुदा वर गेला आणि त्या परिच्छेदावर लाल रेघ मारून परत आला. 'याला शास्त्रीय आधार काय?' एवढाच शेरा. मला दोन ओळींची टिप्पणी जोडता आली असती. ती मी जोडली नाही. स्वच्छ प्रत काढली आणि तिच्यात लिहिले, 'उपस्थितांनी चर्चेत भाग घेतला.' हे वाक्य मी आजवर किती इतिवृत्तांत लिहिले असेल, कोण जाणे.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला, मग धो धो पडला. ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रात 'क्यार' वादळ उठले, पाठोपाठ 'महा'. दिवाळीतही पाऊस. राज्यभर उभी पिके पाण्यात गेली. पंचनाम्याला माणसे कमी पडली म्हणून मलाही पाड्यांवर पाठवले. एकाच वाणाची खाचरेच्या खाचरे आडवी झाली होती. लोंब्यांना कोंब फुटले होते.

मावशीचे हळवे भात दिवाळीआधीच झोडून कणगीत गेले होते. गरवे अजून हिरवे होते, त्यातले बरेच पुढे हाती लागले. मधले मात्र तिचेही गेले आणि नागलीही काळी पडली. तिचे नुकसान झाले नाही, असे मी म्हणणार नाही. पण घर रिकामे नव्हते.

चहा देता देता तिने सहज विचारले, "भाऊसाहेब, मी त्या दिवशी बोलले ते लिहिलंत ना?"

"लिहिलंय, मावशी," मी म्हणालो. धडधडीत खोटे!

माझी आजी आठवली. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली. कोणत्या रानातला कोणता पाला खाऊन माणूस तगतो, हे तिला ठाऊक होते. सरकारी हजेरीपटावर मात्र ती फक्त 'मजूर, स्त्री'. आपल्या माणसांना कुणी विचारले नाही, याची चीड बाळगून मी मोठा झालो, आणि लेखणी माझ्या हातात आली तेव्हा मी काय केले?

तसे पाहिले तर कायदे आहेत. २०१५ च्या पॅरिस कराराचे सातवे कलम म्हणते की, हवामानबदलाशी जुळवून घेताना आदिवासींच्या ज्ञानाचा आधार घ्यावा. आपल्या २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक ज्ञानावर त्यांचा सामूहिक हक्क मानला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही करायची आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, त्याही महादेव कोळी, त्याही शाळेत न गेलेल्या. देशी बियाणे जपल्याबद्दल त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. सन्मान झाला, आनंदच आहे. पण आराखड्याच्या बैठकीत अशा बाया अजून मागच्याच खुर्च्यांवर का?

राष्ट्रीय हरित लवादाने या नोंदवह्यांसाठी ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली होती. ठिकठिकाणी घाईघाईने रकाने भरणे चालू होते. मी ओळखीच्या ग्रामसेवकाला विचारून दोन रविवार त्या पाड्यावर गेलो. ओटीवर दहा-बारा बाया जमल्या. लिहायला बसण्याआधी मी मावशीला खरे सांगून टाकले.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग आता लिहा. नागलीपासून धरा."

मी 'पेरणी जूनमध्ये' असे लिहिले, तर तिने थांबवले. "मृगात म्हणा. पण हेबी लिहा, की मृग आता भरवशाचा नाही राहिला. आमच्या जुन्या खुणा चुकायला लागल्यात. हवामान खात्याचा सांगावा आम्हाला वेळेवर येऊ द्या, नि आमचं तुम्ही ऐका." एका तरुण पोरीने विचारले की, लिहून घेतल्यावर आमचे बी कंपनीने नेले तर? कायद्यात नफ्यातल्या वाट्याची तरतूद आहे, हे मी सांगितले. ती मिळवायला ग्रामसभेला भांडावे लागेल, हेही सांगितले. मग बायांनीच ठरवले की एक प्रत पाड्यावर राहील.

पुढे माझी बदली झाली. मावशीच्या नातवाचा फोन अधूनमधून येतो. मागे ती स्वतः बोलली. नव्या आराखड्याची बैठक लागली होती आणि ती वही पिशवीत घालून गेली होती.

"बोलू दिलं का, मावशी?"

"दिलं. पण लिहिणारा नवीन होता. म्हणून मी त्याच्या शेजारीच जाऊन बसले."