गाडी जाऊ दे, मग गाणं!

नाहूरला राहायला आलं की सिनेमा बघताना एक सवय आपोआप लागते. पॉज! खिडकीखालून फास्ट लोकल धडधडत गेली की छोटा पॉज. मेल-एक्स्प्रेस गेली की मोठा पॉज. आणि मालगाडी असेल तर सरळ उठायचं, चहा टाकायचा. भांडुप आणि मुलुंडच्या मधलं हे आमचं चिमुकलं स्टेशन. थांबतात त्या फक्त स्लो गाड्या. बाकीच्या नुसता आवाज करून निघून जातात.

आधी याची भयंकर चिडचिड व्हायची. मग एक गोष्ट वाचली आणि राग पळाला. आपला पहिला बोलपटही याच आवाजाशी भांडत तयार झाला होता! अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’. त्यांचा स्टुडिओ केनेडी ब्रिजजवळ, बाजूलाच रेल्वे. दिवसा शूटिंग करायचं तर डायलॉगबरोबर गाडीही रेकॉर्ड होणार. म्हणून गाड्या बंद झाल्या की मध्यरात्रीनंतर काम सुरू. माइक नटांच्या आसपास लपवलेले, वादक कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर बसलेले. प्लेबॅक नावाची सोय तेव्हा नव्हती. जो दिसतोय त्यानंच गायचं.

बास, एका रविवारी बॅग उचलली. नाहूर ते केनेडी ब्रिज. गाणं, हसू आणि कमी पैसे या तिघांच्या जिवावर उभ्या राहिलेल्या सिनेमांच्या शोधात.

मला या प्रकाराचं वेड लागलं ते हॉलिवूडमुळे. १९२९-३० साली तिकडे आवाज आला आणि सगळे स्टुडिओ एकदम गायला लागले. कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये जायची, म्हणून कॅमेराच बंद खोक्यात कोंडलेला. तो हलणार कसा? मग समोर कोरसच्या मुली नाचतायत, एखादीची स्टेप चुकतेय, आणि व्हीलर-वूल्झीसारखी विनोदी जोडगोळी मधूनच येऊन पाणचट विनोद करून जातेय. लोक इतके कंटाळले की ‘आमच्या सिनेमात गाणी नाहीत’ अशी जाहिरात व्हायला लागली. पण आज ते बघताना मजा येते. का? कारण त्यात घाम दिसतो. सेट पुठ्ठ्याचा आहे हे कळतं आणि माणसं खरी आहेत हेही कळतं.

आपल्याकडे गाणी कुणाला नको झालीच नाहीत! नाहूर ते कुर्ला मी मोबाइलवर ‘ब्रह्मचारी’ लावला. १९३८ चा. कोल्हापूरच्या ‘हंस पिक्चर्स’चा, लेखन आचार्य अत्र्यांचं, दिग्दर्शक आणि हीरो मास्टर विनायक. औदुंबर नावाचा तरुण एक भाषण ऐकतो आणि आजन्म ब्रह्मचर्याचं व्रत घेतो. घरातले नट्यांचे फोटो बाहेर! मग येते किशोरी, म्हणजे मीनाक्षी शिरोडकर, चक्क स्विमिंग सूटमध्ये, गाणं म्हणत. व्रताचं काय झालं ते सांगायला नको. पुढच्याच वर्षी आला ‘ब्रँडीची बाटली’. त्याच १९३९ साली मुंबईत दारूबंदी लागू झाली. म्युनिसिपालिटीतला एक भोळा कारकून, दामुअण्णा मालवणकर, आवडत्या मुलीच्या आजारी भावासाठी ब्रँडी शोधत फिरतो. गंमत म्हणजे, ब्रँडी काय असते हेच त्याला माहीत नाही. एवढ्याशा कल्पनेवर अख्खा सिनेमा! विद्याविहारला मी एकटाच फिसकन हसलो आणि समोरच्या काकांनी पेपर खाली करून बघितलं.

कुर्ल्याला हार्बर पकडून चेंबूर. इथे मास्टर भगवान, म्हणजे भगवान आबाजी पालव यांचा ‘जागृती’ स्टुडिओ होता. गिरणी कामगाराचा हा मुलगा. कमी पैशातले मारधाडीचे सिनेमे काढता काढता १९५१ मध्ये त्यांनी ‘अलबेला’ काढला. नाटकात नाव काढायचं स्वप्न बघणारा गरीब, गोलमटोल हीरो, समोर गीता बाली, सी. रामचंद्रांचं संगीत. जाझ वाजवणारा गोव्याचा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट यात आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. म्हणजे हॉलिवूडचा स्विंग, व्हाया गोवा, थेट दादरच्या पोरांपर्यंत!

चेंबूरमध्ये तीन रिक्षावाल्यांना ‘जागृती’ विचारलं. तिघांनीही ‘आर. के. का?’ असं उलट विचारलं. तो आर. के. स्टुडिओही २०१७ च्या आगीनंतर विकला गेला. उसाचा रस पिऊन मी परत फिरलो.

पुढचा स्टॉप दादर. ‘अलबेला’ धो धो चालला, पण नंतरच्या सिनेमांनी भगवानदादांना बुडवलं. स्टुडिओ गेला, पैसा गेला. २००२ मध्ये ते वारले ते दादरच्या चाळीतल्या घरात. खाली रस्त्यावर नेहमीची रविवारची गर्दी होती. मी उगाच दोन मिनिटं वर बघत उभा राहिलो.

शेवटी ग्रँट रोडला उतरून चालत केनेडी ब्रिज. पुलाखालून गाड्यांची ये-जा अखंड चालू. पाच मिनिटं मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून बघितला. ऐकायला आली फक्त लोकल! इराणींबद्दलचा आदर दसपट वाढला. तिथून गिरगावात. १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ जिथे लागला, चार आण्याचं तिकीट ब्लॅकमध्ये चार-पाच रुपयांना गेलं, ते मॅजेस्टिक थिएटर केव्हाच पाडलं गेलं. त्या जागी शॉपिंग सेंटर आहे. आणि ‘आलम आरा’? त्याची एकही प्रिंट आज उपलब्ध नाही. त्या काळी जुन्या फिल्म्स त्यातल्या चांदीसाठी भंगारात जायच्या. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये. तोवर किती औदुंबर आणि किती किशोऱ्या वितळून गेल्या असतील!

परतीच्या गाडीत जरा उदास वाटलं. दिवसभर फिरलो आणि बघितलं काय? एक न सापडलेला स्टुडिओ, एक चाळ आणि एक शॉपिंग सेंटर.

घरी आल्यावर शेजारच्या आजींना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “अरे, भगवान शोधायला चेंबूरला कशाला गेलास? विसर्जनाला खाली उतर की.”

आणि लख्खकन आठवलं. दरवर्षी आमच्या गल्लीतली मंडळाची पोरं ढोल लागला की तेच करतात. गुडघे किंचित वाकवलेले, हात हवेत, खांदे हलके उडवत, कमीत कमी जागेत. ती स्टेप भगवानदादांची. पुढे अमिताभनं उचलली, मग सगळ्या देशानं. पोरांना नाव ठाऊक नाही. पण स्टुडिओ गेला, बंगला गेला आणि ती स्टेप अजून नाहूरच्या रस्त्यावर नाचतेय. फुकट!

रात्री मी ‘अलबेला’ लावला. आजीही आल्या, हातात शेंगदाण्याची वाटी घेऊन. पहिलं गाणं सुरू होणार, तेवढ्यात खिडकीखालून धडधड ऐकू आली.

“थांबव,” आजी म्हणाल्या. “गाडी जाऊ दे. मग गाणं.”