गाडी जावाची, कार्बोरेटर येझदीचा

घोडेगावात सोयऱ्यांच्या गोठ्याच्या वळचणीला एक जावा धूळ खात पडली होती. आरसी बुकावर साल १९६८. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली, २५० सीसी, दोन सायलेन्सरची, किक आणि गिअर एकाच दांडीवर. एके काळी तिच्यावरून दुधाच्या किटल्या डेअरीला जायच्या. इंजिन जाम नव्हतं. डोकेदुखी होती ती मूळचे पार्ट कोणते आणि मागाहून चढवलेले कोणते, हे ओळखण्याची.

रोज दूध घालायचं तर गाडी उभी ठेवून कसं भागेल? जे मिळालं ते बसवायचं. पुढे त्याच कारखान्यातून येझदी निघाली, १९७८ साली रोडकिंग आली, आणि तिचे बरेच पार्ट थोडी ठोकाठोक केली की जावाला बसतात. मंचरच्या मेकॅनिक चाचांनी कार्बोरेटर उलटसुलट करून पाहिला. "ओरिजनल आहे दादा, पण ह्या गाडीचा नाही." तो येझदीचा मिककार्ब होता. ह्या सालाच्या जावाला जिकोव्ह हवा.

नवे नकली पार्ट त्यापेक्षा फसवे. नाना पेठेत दाखवलेला सायलेन्सर बाहेरून हुबेहूब, पण हातात घेतला तर हलका, आणि आतली बफल भलतीच. टू-स्ट्रोकची ओढ सायलेन्सरच्या आतल्या रचनेवरही असते. असला सायलेन्सर लावून भीमाशंकरचा चढ चढून दाखवा! जुनाच पोचे काढून घेतला.

नटबोल्टही बोलतात. जावा मूळची झेकोस्लोव्हाकियाची, म्हणून आटे मेट्रिक. बुलेट मूळची इंग्लंडची, तिचे जुने आटे इंची. कुणी पठ्ठ्याने बुलेटचा बोल्ट इथे जोर लावून पिळला होता. आटे अर्थातच गेलेले.

अंगावर कुणीतरी ब्रशने निळा ऑइलपेंट फासलेला. टूलबॉक्स उघडला तर झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन कधी पोचलंच नाही, मूळचा मरून रंग तसाच होता. पेंटरने शेड त्यावरूनच जुळवली. चेसिस नंबरवरचा गंज हलक्या हाताने पुसला आणि आरसीशी ताडून पाहिला. खरं तर हे काम सगळ्यात आधी करावं.

जिकोव्ह शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला, रविवारी. स्लाइड झिजलेली, पण बॉडी धड. बाकीचं चाचांनी निभावलं. काढलेला मिककार्बही वाया गेला नाही. ओतूरचा एक रोडकिंगवाला तोच शोधत होता.