लायसन्स मशीनच्या पोटात

‘थे कोपऱ्यातलं अक्षर पुसून द्या ना जी.’ राळेगावात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कापसाचा हंगाम लागला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. जिनिंगचा मुनीम असो, सेतू चालवणारा पोरगा असो की गुरुजी, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ उमटलं की ते डोळ्यांत खुपतं. विंडोज ७ च्या काळात पडद्यामागचं चित्रच काळं व्हायचं आणि लोक व्हायरस समजून धावत यायचे. आता काम थांबत नाही, वॉलपेपर बदलता येत नाही एवढंच. त्यामुळे ती अक्षरं म्हणजे काचेवरचा डाग, फडकं मारलं की गेला, असा समज झालाय.

मी आधी चौकशी करतो. मशीन नवी घेतली की जुनी? मध्ये कुणी फॉरमॅट मारला? मदरबोर्ड बदलला? मग ‘रन’मध्ये ‘एसएलएमजीआर’ आणि पुढे ‘स्लॅश डीएलआय’ टाकतो. छोटी चौकट उघडते: विंडोज होम की प्रो, लायसन्स ओईएम (मशीनसोबत आलेलं), रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) की व्हॉल्यूम, आणि कीची शेवटची पाच अक्षरं. अर्धं निदान तिथेच होतं.

घरच्या लॅपटॉपवर ‘व्हॉल्यूम’ दिसलं की मी थबकतो. ते लायसन्स मोठ्या संस्थांचं. त्यांच्या केएमएस सर्व्हरशी जोडून मिळालेली मुदत १८० दिवसांची असते, सर्व्हर भेटला की ती पुन्हा वाढते. घरी तो सर्व्हर कुठून येणार? म्हणजे कुणीतरी क्रॅक मारलेला. आणि वाईट याचं वाटतं, की त्याची बहुतेकदा गरजच नसते. विंडोज ८ आलं ते २०१२ साल. तेव्हापासून कंपन्या लॅपटॉपसोबतच्या विंडोजची की मदरबोर्डच्या चिपमध्येच भरून देतात. गिऱ्हाइकानं लॅपटॉपच्या किमतीत होमचे पैसे भरलेले असतात आणि कुणी हौसेनं वर चोरीचं प्रो चढवतो. विंडोज १० किंवा ११ सोबत आलेली मशीन असेल तर उपाय सोपा: डेटाचा बॅकअप घ्यायचा, होम नव्यानं टाकायचं, नेट जोडायचं. की मशीन स्वतःच वाचते. विंडोज ७-८ च्या जुन्या कीवर नवं विंडोज चालू करायची वाट मात्र मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये बंद केली.

कधी खोट फारच किरकोळ असते. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल उतरतो, तारीख कित्येक वर्षं मागे जाते, सुरक्षित जोडणी होत नाही आणि ॲक्टिव्हेशन अडतं. सेल बदलून तारीख लावली की काम झालं.

मृगात वीज कडाडून बोर्ड जळाला, तर प्रकरण वेगळं. डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डाला बांधलेलं. ओईएम असेल तर ते साधारणपणे जुन्या बोर्डासोबत गेलं, हे मी स्पष्ट सांगतो. रिटेल असेल आणि आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं असेल, तर सेटिंगमधल्या ट्रबलशूटमध्ये जाऊन ‘हार्डवेअर बदललं’ म्हणून ते परत मागता येतं. ही सोय २०१६ पासून आहे. पण खातं आधी जोडलेलं लागतं.

‘क्रॅक मारून द्या, कोण बघतंय?’ असंही विचारतात. कायदा बघतो: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मला त्याहून मोठी भीती वेगळीच वाटते. क्रॅक चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. सेतूच्या मशीनमध्ये गावाचे आधार, सातबारे आणि बँकेची पासबुकं असतात. अशा मशीनचं दार कुणा अनोळख्याला उघडं करून द्यायचं? जिथं टॅलीसारखं विंडोजवरच चालणारं काही नाही, तिथं मी लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस सुचवतो. युनिकोड मराठी त्यात चांगली चालते आणि फुकट मिळते.

दुकानदारांनो, मशीन विकताना बिलावर विंडोज होम की प्रो ते लिहून द्या. आणि घेणाऱ्यांनो, ते बिल जपा, लायसन्स खात्याला जोडून घ्या, आणि फॉरमॅट मारायला देण्याआधी एक प्रश्न विचारा: माझ्या मशीनमध्ये मुळात कोणतं विंडोज आहे? पैसे भरून घेतलेली वस्तू चोरून वापरण्यात शहाणपण नाही.