मुहूर्त आणि मुदत

आपल्या घरांत तारखांचे राज्य फार जुने. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चतुर्थी, दूधवाल्याचा खाडा आणि गॅसची टाकी लावल्याचा दिवस एकाच पानावर सुखाने नांदतात. त्यातही धाक मुहूर्ताचा. लग्नाची घटका जवळ आली की भटजीबुवा घड्याळाकडे पाहतात आणि सारा मांडव भटजीबुवांकडे. मुहूर्त एकदा गेला की गेला, ही समजूत आपल्या हाडीमासी खिळली आहे. मांडवात ती शोभूनही दिसते. लहान मुलाच्या लसीकरणाच्या कार्डापुढे मात्र ती घात करते.

आमच्या नातीचे पहिले काही महिने अगदी शिस्तीत गेले. जन्मल्याबरोबर बीसीजी, मग ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसी. ९ महिने पुरे झाले, गोवर-रुबेलाची पाळी आली, आणि नेमकी त्याच वेळी माझ्या मुलाची बदली झाली. नव्या गावात बिऱ्हाड लागते न लागते तोच पोरीला न्यूमोनिया झाला. त्यातून ती उठली, तर केंद्रावर एकदा ‘आज मुलं कमी आहेत, पुढच्या वेळी या’ असे उत्तर मिळाले, आणि पुढच्या वेळी लसच संपलेली. पाहता पाहता पोरगी चालू लागली, ओट्याखालची पातेली ओढू लागली. १४ महिने झाले तरी कार्डावरचा तो एक चौकोन कोराच होता.

मुले कमी म्हणून परत का पाठवावे, याचे मला कोडे पडले होते. कारण पुढे कळले. ही लस भुकटीच्या रूपात येते आणि एका कुपीत अनेक मुलांपुरती असते. एकदा तिच्यात द्रावण मिसळले की ४ तासांत ती वापरावी लागते. उरेल ती फेकायची. काटकसर समजू शकते. पण कुपी वाया गेली तर चार पैसे जातात; परत गेलेले मूल पुन्हा येईलच, याची हमी कोणी द्यावी?

आमच्या घरी नेमके तेच होऊ घातले होते. सूनबाई कार्डाचा विषय टाळू लागली. एकदा विचारले तर म्हणाली, “आई, आता कुठल्या तोंडाने जाऊ? सिस्टर म्हणतील, इतके दिवस काय करत होतात?” त्यात शेजारणीने भर घातली, की आता सगळ्या लसी पहिल्यापासून घ्याव्या लागतात म्हणे! पहिला उशीर बदलीने, आजाराने झाला होता. हा दुसरा उशीर संकोचाचा होता, आणि तो अधिक चिवट होता.

तेवढ्यात मागच्या आळीत एका मुलाला गोवर निघाला. गोवर म्हणजे नुसते अंगावरचे पुरळ नव्हे. त्यातून न्यूमोनिया होतो, क्वचित मेंदूला सूज येते. रोगी खोलीतून निघून गेला तरी त्याचे विषाणू २ तासांपर्यंत तिथल्या हवेत राहू शकतात. आईकडून बाळाला मिळालेले संरक्षण पहिल्या वर्षात ओसरत जाते, म्हणून तर ९ व्या महिन्याचा नेम. आमच्या पोरीचे ते कवच केव्हाच गळाले होते, आणि छाती नुकती कुठे भरून आली होती. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही.

लसीकरणाच्या वारी मी सूनबाईबरोबर गेले. सिस्टरांनी कार्ड उलटून पाहिले, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाल्या, “आजी, पहिल्यापासून काही करायचं नाही. थांबलो तिथून पुढे. आज पहिला डोस देऊ. दुसरा २४ महिन्यांच्या आत.” सुई, एक टाहो, वर ‘अ’ जीवनसत्त्वाचा चमचा. झाले! सूनबाईचेच डोळे भरून आले.

उशीर तसा खुद्द लसीलाही झाला होता. जेन्नरने देवीच्या लसीवरचे पुस्तक १७९८ मध्ये छापले. ती मुंबईत पोचायला १८०२ उजाडले. वाटेत ती कितीदा वाळून निकामी झाली. अखेर बगदाद, बसरा अशी मजल मारत ती आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या ३ वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती ‘उठली’. तिच्यापासून ती पुढे हिंदुस्थानभर गेली. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी झाला नाही. माझ्या दंडावर त्या लसीचा वण आहे. नातीच्या दंडावर तो असण्याचे कारणच उरले नाही.

मात्र ‘चालते उशीर झाला तरी’ असेही कोणी समजू नये. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी मुलांच्या लसी राहिल्या. आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवराने लहान मुले दगावली. मुदतीलाही शेवट असतो. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बीसीजी पहिल्या वर्षापर्यंत, तर राहिलेली गोवर-रुबेला ५ वर्षांपर्यंत देतात. पण दार उघडे असले म्हणून उंबऱ्यावर किती बसायचे? रोग काही मुदत पाहून येत नाही. साधी सर्दी, किरकोळ कणकण ही तर लस लांबवायची कारणेही नव्हेत.

दिवाळीत आपण कपाटे झाडतो, माळे आवरतो. त्या आवराआवरीत पोराबाळांचे कार्ड हाती लागेल, तेव्हा ते एकदा उघडून पाहावे. एखादा चौकोन कोरा दिसला तर घरातल्या कोणी सुनेला, लेकीला जाब विचारू नये. तिच्याबरोबर केंद्रावर जावे. मुहूर्त टळला असेल, मुदत अजून आहे.